बुवांच्या कॅसेट, अक्कांच्या ओव्या आणि एक करारनामा

खानापूर तालुक्यातल्या एका गावात काही वर्षांपासून गाणी गोळा करायचं काम चाललं आहे. पसारा लहान आहे. बेळगावात शिकवणारे आम्ही दोघे-तिघे, गावचं भजनी मंडळ, स्त्रीशक्ती संघातल्या बायका, कन्नड शाळेचे एक मास्तर आणि बेंगळुरूला सॉफ्टवेअरची नोकरी करणारा गावातलाच एक मुलगा. याद्या, नोंदी, कागदपत्रं माझ्याकडे. या संग्रहासाठी एका कंपनीचा पैशांसकट प्रस्ताव आला. गाणी तयार करणाऱ्या एआयला शिकवायला त्यांना आमची रेकॉर्डिंग हवी होती. त्यावरून गावात जे झालं त्याची ही हकिकत. गावाचं, माणसांचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही.

माझं मत आधीच सांगतो. गाण्यांचा डेटा करण्यात मला पाप दिसत नाही. गावाला त्याचा फायदा झालेला मी पाहिलाय. पण गाणं रेकॉर्ड करायला दिलेला होकार वेगळा, ते शोधता-मोजता यावं म्हणून दिलेला होकार वेगळा, आणि त्यावर मशीन शिकवून नवी गाणी काढायला दिलेला होकार आणखी वेगळा. करारनाम्यात हे तिन्ही एका सहीखाली येतात. सगळी भानगड तिथे आहे.

पेटीने लावलेला छडा

सुरुवात कॅसेटपासून झाली. मंडळाच्या जुन्या बुवांना जाऊन बरीच वर्षं झाली. सप्ताहातल्या त्यांच्या भजनांच्या, १९८० ते ९० च्या दरम्यानच्या कॅसेट मुलाने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कितीतरी फितींवर पांढरी बुरशी चढलेली. पुसून, फीत दुसऱ्या कॅसेटच्या डबीत घालून जमेल तेवढ्या वाजवल्या. आवाज आला, पण बुवा चिरके वाटले. मंडळातल्या जुन्या टाळकऱ्यांनी दोन कडवी ऐकली आणि म्हणाले, "हे बुवा नव्हंत. बुवांचा आवाज किती भरदार!"

घोळ वेगाचा होता. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. सेल उतरलेले असले तर रेकॉर्ड करतानाच फीत हळू सरकते, आणि तीच फीत चांगल्या यंत्रावर लावली की आवाज चढतो, लयही पळते. किती चढला हे कसं ठरवायचं? इथे मंडळाची पेटी उपयोगी पडली. ती अजून देवळातच आहे. मधल्या सप्तकातला तिचा एक सूर उतरलेला आहे आणि इतक्या वर्षांत तो कुणी लावून घेतलेला नाही. एकेक पट्टी दाबून प्रत्येक सुराची कंपनसंख्या सॉफ्टवेअरने मोजली. फीत हळू सरको की जोरात, सगळे सूर एकाच पटीत वरखाली होतात. सुरांमधलं अंतर तेच राहतं. त्यामुळे तो उतरलेला सूर कॅसेटमध्येही त्याच अंतरावर सापडला. म्हणजे पेटी तीच. मग आजच्या पेटीशी ताडून कॅसेटचा वेग किती चुकलाय ते काढलं आणि दुरुस्त केलं. एका कॅसेटमध्ये पहिल्या बाजूला वेग जवळपास बरोबर आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटाला पार बिघडलेला. भजन रंगत गेलं तसे सेल संपत गेले होते.

दुरुस्त झालेली भजनं देवळात लावली तेव्हा टाळकऱ्यांनी बुवांना ओळखलं. तोवर गावातली पोरं त्या पळणाऱ्या कॅसेटवरून चाली बसवत होती. आता सूर न बदलता लय निम्म्यावर आणून बुवांची एकेक जागा ऐकता येते. पखवाजावर बसणारा दहावीतला मुलगा मोबाईलवर तेवढाच तुकडा फिरवून फिरवून ऐकतो आणि हात बसवतो. गाण्याचा डेटा करून काय मिळतं असं कुणी विचारलं तर मी या मुलाकडे बोट दाखवतो.

याच सॉफ्टवेअरच्या मर्यादाही लवकर दिसल्या. आवाज आणि वाद्यं वेगळी करणाऱ्या साधनांना शिकवायला सर्रास वापरला जाणारा एक संच आहे, एमयूएसडीबी १८. त्यात १५० गाणी आहेत, बहुतेक पाश्चात्त्य धाटणीची, आणि प्रत्येकाचे चार भाग केलेत: गळा, ड्रम, बेस आणि 'इतर'. आपली पेटी, टाळ, वीणा, तुणतुणं सगळं त्या चौथ्या खणात. चौंडक्याची तर फाळणीच होते. चौंडकं म्हणजे चामड्याला जोडलेली एकच तार. एका हाताने ती ताणायची-सैल सोडायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. तिचा ठोका एका भागात गेला आणि तारेची ओढ दुसऱ्या. ज्याने ते साधन बनवलं त्याने चौंडकं ऐकलेलंच नाही, दुसरं काय होणार?

माहेरची चाल

ओव्यांचं काम जास्त नाजूक. जातं आता लग्नातल्या हळदीपुरतं उरलंय, पण साठीच्या पुढच्या बायकांना ओव्या येतात. खुंटा हातात असला तर जास्त येतात. काहींना आम्ही बसल्या जागी म्हणायला सांगितलं तर सुचेना, जात्यावर बसवलं तर थांबेना.

या क्षेत्रात आमच्या आधी फार मोठं काम होऊन गेलंय. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून लिहून घेतल्या गेल्या, आणि आज 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी वाचता-ऐकता येतात. आमचा संग्रह त्यापुढे चिमूटभर. तरी सुरांच्या बाजूने काही करावं असं वाटलं, म्हणून प्रत्येक ओवीची सुरांची रेघ, म्हणजे सूर कसा वर-खाली होतो त्याचा आलेख, काढली. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात २०११ ते २०१७ या काळात कॉम्पम्युझिक नावाचा प्रकल्प झाला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतही त्यात होतं आणि गायकाचा षड्ज (सा) ओळखणं हा त्यातला एक महत्त्वाचा प्रश्न होता, कारण आपल्याकडे कुणाचा सा काळी एकचा तर कुणाचा पांढरी चारचा. तिथली काही साधनं खुली आहेत. पण त्यांनाही तंबोऱ्याचा आधार लागतो. जात्याची घरघर तंबोऱ्याचं काम करत नाही, आणि दळताना दम लागला की बाईचा सा स्वतःच सरकतो. बाजारातली साधी ॲप तर सूर जवळच्या पट्टीवर ओढून 'बरोबर' करून देतात. ती सोय आम्ही पहिल्यांदा बंद केली.

रेघा एकमेकींशी ताडल्या तेव्हा एक गंमत दिसली. चाली गावागावानुसार एकत्र येत नव्हत्या. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघींच्या चाली दूर, आणि गावाच्या दोन टोकांना राहणाऱ्या दोघींच्या जवळ. फॉर्ममध्ये माहेर विचारलं होतं म्हणून उलगडा झाला. चंदगडकडून आलेल्या बायकांच्या चाली एकीकडे, घाटाखालच्या एकीकडे. १९५६ साली राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या; चंदगड मुंबई राज्यात (पुढे महाराष्ट्रात) राहिलं, खानापूर म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं. चालीला त्याचा पत्ता नाही. मोजक्या बायकांवरून काही सिद्ध करायला मी बसलेलो नाही, पण बायकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. एक अक्का म्हणाली, "आई दळताना मांडीवर ऐकलेली चाल ती. सासरी येऊन कशी बदलंल?"

किती मराठी, किती कन्नड?

गाणं ऐकून मजकूर लिहून देणारं एक सॉफ्टवेअर लावलं होतं. मराठी त्याला येतं, कन्नडही. पण भाषा कोणती हे ते पहिल्या ३० सेकंदांवरून ठरवतं आणि मग शेवटपर्यंत तेच धरून चालतं. आता सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी घ्या. डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडचे भक्त जातात, बागलकोट-विजयपूरचे जातात, आमच्याकडचे तर जातातच. गाण्यात नमन कन्नडमध्ये, कथा मराठीत, मधली दोन कडवी परत कन्नडमध्ये, आणि 'उदो' दोन्हीकडे तेच. नमनावरून सॉफ्टवेअरने कन्नड ठरवलं की पुढची मराठी कडवी कन्नड लिपीत, कशीबशी उतरलेली. नुसतं चौंडकं वाजत असलं की त्याला गप्प बसवत नाही; कुठल्या तरी व्हिडिओतलं शिकलेलं 'धन्यवाद' लिहून मोकळं होतं.

हसण्यावारी नेलं असतं, पण यादीत 'भाषा' असा रकाना होता आणि त्यात एकच शब्द मावत होता. सीमाभागात या रकान्याला काय वजन आहे हे बाहेरच्या माणसाच्या ध्यानात यायचं नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दुकानावरच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत भाषा मोजली जाते. संग्रहाची बातमी फुटली तशी एक कार्यकर्ते घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "सर, बाकी राहू दे. किती गाणी मराठी, किती कन्नड, तेवढा आकडा द्या की." आठवडाभरात तीच विचारणा दुसऱ्या बाजूनेही आली, कन्नडमधून.

आकडा दोघांनाही दिला नाही. देण्यासारखा नव्हताच. कन्नड शाळेच्या मास्तरांनी सुचवलं की भाषा गाण्याला लावू नका, ओळीला लावा. तसं केलं. मास्तर आणि मी बसून ओळीओळीवर खूण केली; काही ओळी दोघांनीही आपल्या म्हटल्या, तिथे दोन्ही खुणा ठेवल्या. आता यादीतून 'एकूण मराठी गाणी' असा आकडा काढायला गेलं तर निघत नाही. डेटा नीट नोंदवला की प्रश्न सुटतात असं म्हणतात. इथे नीट नोंदवल्यामुळे एक प्रश्न विचारताच येईनासा झाला, आणि ते बरं झालं असं मला वाटतं.

नाव घालायचं की नाही

फॉर्ममध्ये नाव, वय, गाव, माहेर, जात आणि 'परंपरा' असे रकाने होते. कुठल्याही लोकसंगीताच्या फॉर्ममध्ये असतात. चौंडक्यावर गाणारी बाई जोगतीण, म्हणजे यल्लम्मा देवीला सोडलेली. देवाला सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली, पण आधी सोडलेल्या बायका अजून आहेत, त्यांच्या लेकी-नाती आहेत, आणि लग्न जमवताना नाव शोधणारे पाहुणेही आहेत. 'परंपरा: जोगती' असं लिहून ते इंटरनेटवर चढवलं तर ते एका बाईपुरतं राहत नाही. म्हणून आमचा विचार होता, या बाईंचं नाव झाकावं.

त्यांना विचारलं तर त्या उखडल्या. "नाव घाल की बाळ. जन्मभर आईच्या नावानं हिंडले, माझं नाव कुणी विचारलं नाही. आता विचारतोस तर घाल." जातीच्या रकान्यावर मात्र बोट ठेवून म्हणाल्या, "हे कशाला? आईला ठाव हाय." तो रकाना आम्ही सगळ्यांच्याच फॉर्मवरून काढला. संशोधकांना त्याचा उपयोग असतो, मान्य आहे. तरीही काढला.

उलट, जिच्याबद्दल काळजी वाटली नव्हती ती ओव्या म्हणणारी एक अक्का चार दिवसांनी फोन करून म्हणाली, "ती सासूची ओवी पुसून टाक गा. जात्यापाशी ठीक हाय, मोबाईलवर नको. माझीच सून ऐकंल मा." ओवीत सासूचं नाव होतं, दिराचं होतं, माहेरच्या भावांची नावं ओळीने होती. फॉर्मवरचं नाव काढलं तरी गाण्यातली नावं कुठे जाणार? डेटाच्या गोपनीयतेवर बोलणारे लोक नाव-पत्ता झाकला की काम झालं असं धरून चालतात. ओवी ही गोष्टच मुळात नावानिशी बोललेलं मन आहे. ती पुसली. यादीत तिच्या जागी नुसता क्रमांक आहे.

प्रस्ताव

कंपनीचं पत्र सभ्य होतं. मराठी आणि कन्नड लोकसंगीताचा संच त्यांना तयार करायचा होता. रक्कम एकरकमी, देवळाचा मंडप पत्र्याऐवजी स्लॅबचा करता आला असता इतकी. सोबतच्या करारात बारीक अक्षरात हक्क लिहिले होते: कायमचे, मागे न घेता येणारे, जगभर चालणारे आणि पुढे कुणालाही देता येतील असे. गाणाऱ्यांची नावं देण्याबद्दल एक ओळ नव्हती.

पहिली बैठक गुरुवारच्या भजनानंतर मारुतीच्या देवळात झाली. मंडळी तापलेलीच होती, कारण त्याआधी सप्ताहाच्या व्हिडिओवर कुठल्याशा म्युझिक कंपनीने आपोआप हक्क सांगितला होता; अभंग संतांचा, चाल परंपरेची, गाणारे आपण, आणि मालक तिसराच. "आपलं ते त्यांचं होतंय, मग दिलेलं परत कधी मिळणार?" हा एकूण सूर. पण या बैठकीत बायका नव्हत्या. रात्री देवळात त्या कशा येणार? म्हणून दुसरी बैठक दुपारी अंगणवाडीत घेतली, आणि तिथे वारं उलटं. "आमच्या ओव्या कुणाला पाहिजेत? पैसे देतात तर घेऊ दे की." मला हे चूक वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्या वाटेने त्या गाण्याला पैसे मिळणार होते? स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. ओवी हजार वेळा कोण ऐकणार?

सगळ्यात जोरात बाजू मांडली ती बेंगळुरूच्या मुलाने, आणि त्याचं म्हणणं असं झटकून टाकण्यासारखं नाही. तो म्हणाला, "तात्या, आपण नाही दिलं म्हणून मशीन थांबणार नाही. ते पुण्या-मुंबईचं मराठी शिकेल, सिनेमाची गाणी शिकेल. उद्या कुणी 'मराठी लोकगीत' मागितलं तर तेच येईल. त्यात आपली बोली नसेल, चौंडकं नसेल. चौंडक्याचं काय झालं ते बघितलंत ना?" नकार फुकट पडत नाही, त्याचीही किंमत असते, हे त्याने सगळ्यांना नीट समजावलं.

मग एका जुन्या संगीतशिक्षकांनी कुमारांचा विषय काढला. कुमार गंधर्व आमच्या जिल्ह्यातले, १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले. लहानपणी ग्रामोफोनवर मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे आणि लोक थक्क व्हायचे. "पोराने ऐकून गायलं तर कौतुक, मशीनने गायलं तर चोरी, असं कसं?" प्रश्न बिनतोड वाटला. उत्तर त्यांनी स्वतःच दिलं. त्या पोराने कुणाची तबकडी ते कधी लपवलं नाही, मैफल गाजली ती त्या गवयांच्या नावासकट. आणि पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे गेल्यावर नकलेच्या पलीकडचं गाणं सुरू झालं. माळव्यात राहून तिथल्या लोकगीतांवरून राग बांधले तेव्हाही माळव्याचं नाव पुसलं नाही. करारात नावाची एक ओळ असती तर ते शिक्षक कदाचित होकाराच्या बाजूला गेले असते.

मी एक जुनं प्रकरण सांगितलं. तैवानमधल्या अमीस आदिवासी जमातीचं एक शेतकरी जोडपं १९८८ मध्ये फ्रान्समध्ये गायलं, तिथे रेकॉर्डिंग झालं. १९९३ मध्ये एनिग्मा या जर्मन संगीतप्रकल्पाने त्यातला आवाज आपल्या गाण्यात वापरला, ते जगभर गाजलं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या जाहिरातीतही वाजलं. गाणाऱ्याला ते कळलं बाहेरून. १९९८ मध्ये दावा लावला, १९९९ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. तिथे निदान आवाज ओळखू येत होता, म्हणून दावा लावता आला. हजारो गाण्यांवर शिकलेल्या मशीनमधून बाहेर पडलेली ओवी कुणाच्या गळ्यातली हे कुणी सांगू शकणार नाही. दावा कशावर लावायचा?

कायदा पाहिला तर आणखी चमत्कारिक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. ओवीला ज्ञात कवी नाही, चालीला संगीतकार नाही. म्हणजे कागदोपत्री त्या ओव्यांचे मालक आम्ही, बटण दाबणारे. तेही ६० वर्षं. गाणारीला ५० वर्षांचा सादरकर्त्याचा हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपलं नाव लावून घेण्याचा आणि विपर्यास रोखण्याचाही. कंपनीने पत्र मला पाठवलं होतं, अक्कांना नाही, त्याचं कारण हेच.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेता येते, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं म्हटलं आहे. अक्काने फोन केला आणि मी ओवी पुसली, इतकं सोपं. एकदा मशीन त्या ओवीवर शिकलं की फोन करून काय उपयोग? एक गाणं त्यातून नेमकं उपसून काढायची खात्रीची रीत आज कुणाकडे नाही. शोधण्यासाठी केलेली सुरांची रेघ तक्त्यातली एक ओळ असते, ती खोडता येते. माझ्या लेखी सगळा फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

बुवांचा आवाज

या सगळ्याच्या मध्येच बुवांच्या नातवाने वेगळीच गोष्ट काढली. दुरुस्त झालेल्या कॅसेट आता स्वच्छ होत्या. त्यावरून आजोबांचा आवाज एआयने तयार करून सप्ताहाच्या काल्याला त्यांच्याच आवाजात एक नवा अभंग लावायचा, अशी त्याची इच्छा. थोड्या मिनिटांच्या स्वच्छ आवाजावरूनही अशी नक्कल होते, आणि त्याच्याकडे तासन्‌तास होते. घरच्यांची परवानगी होती.

ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये एका तमिळ चित्रपटातल्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले, कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. त्याच वर्षी अरिजित सिंग यांच्या आवाजाची विनापरवानगी नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने रोखलं. नातवाचं प्रकरण पहिल्या जातीचं, असं आम्हाला वाटलं होतं. टाळकऱ्यांना ते मंजूर नव्हतं. त्यांचा मुद्दा परवानगीचा नव्हता. बुवा आयुष्यभर जे अभंग गायले ते निवडून गायले. काही त्यांनी कधीच गायले नाहीत, कुणी कितीही म्हटलं तरी. "त्यांनी गायला नसता असा अभंग त्यांच्या तोंडी घातला तर?" घराण्याचं रक्त नातवाकडे, पण बुवांच्या निवडीचे साक्षीदार मंडळात. आवाजाचा वारस कोण, हे वारसदाखल्यावर लिहिलेलं नसतं.

काल्याला जुनी कॅसेटच लावली. नातवाने आपल्या मोबाईलवर तो आवाज केलाय असं ऐकतो. मी मागितलेला नाही.

काय ठरलं

एकच निर्णय झाला नाही, आणि तो व्हावा असा आग्रहही आम्ही सोडून दिला. भजनी मंडळाने ऐकणं, शिकणं, अभ्यास यांना मोकळीक दिली आणि मशीन शिकवायला नाही म्हटलं. जोगतिणीने एक गाणं नावासकट खुलं केलं. डोंगरावरच्या विधीची गाणी कुलपात, ती तिच्या शिष्येलाच ऐकता येतील. ओव्या म्हणणाऱ्या बायकांना एकेकीला विचारलं. काहींनी कंपनीला होकार दिला आणि तो आम्ही तसाच कळवला, नावं लावावीत आणि दर तीन वर्षांनी पुन्हा विचारावं या दोन अटींसह. कंपनीला इतकी थोडी गाणी नको होती, अटी तर नकोच होत्या. दुसरीकडे बघतो म्हणून उत्तर आलं. होकार देणाऱ्या बायकांचे पैसे बुडाले आणि त्या अजून नाराज आहेत. दिसल्या की विचारतात. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. मंडप पत्र्याचाच आहे.

बेंगळुरूच्या मुलाच्या मुद्द्याचं मात्र काहीतरी केलं. ज्यांची तयारी होती त्यांच्या नुसत्या बोलण्याचं, गाण्याचं नव्हे, रेकॉर्डिंग घेऊन तो आमच्या बोलीचा मजकूर उतरवणारं छोटं मशीन गावच्याच कॉम्प्युटरवर शिकवतोय. ते गाणी तयार करत नाही, यादी करायला मदत करतं. भाषा ओळीओळीला बदलली तरी चालेल असं त्याला शिकवायचा प्रयत्न आहे. अजून 'उदो'ला अडखळतं. संग्रह इंटरनेटवर सरसकट खुला केलेला नाही, कारण माणसाने स्वतःच जाहीर केलेल्या माहितीला २०२३ च्या कायद्याचं संरक्षण लागू होत नाही.

फॉर्म नवा झाला. ऐकणं, शोधणं-मोजणं आणि मशीन शिकवणं यांना तीन वेगळ्या सह्या. 'माझ्यामागे कुणाला विचारायचं' असा एक रकाना, ज्यात मुलाचंच नाव घालायची सक्ती नाही. दोघींनी मैत्रिणीचं नाव घातलंय. संग्रहाच्या तीन प्रती आहेत. एक मंडळाकडे, एक स्त्रीशक्ती संघाकडे. तिसरी सध्या कन्नड शाळेच्या मास्तरांच्या कपाटात आहे. मंडळातल्या काहींना ते पटलेलं नाही, आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच आहे.